आज काय जेवले, ते खरं सांगते

शिकागो,
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. आई आणि ती. अण्णा यांना शि. सा. नमस्कार.

आई, मघाशी फोनवर तू विचारलंस, “काय केलं होतंस जेवायला?” आणि मी सवयीनं म्हटलं, “वरणभात.” खोटं बोलले. घरी आज चूलच पेटली नाही. दुपारी शहराच्या दक्षिण भागात, आमच्या घरापासून पाऊण तासावर, एका खानावळीत जेवायला गेलो होतो. फोनवर हे सांगायला गेलं की तू लगेच “म्हणजे भाकरी नाही?” म्हणतेस आणि अण्णा मागून “खाऊ दे की तिला” म्हणून फोन ठेवायला लावतात. म्हणून लिहिते. दादाची धाकटी वाचून दाखवेल. तिला म्हणावं, सावकाश वाच, आणि आजीला ऐकू आलं नाही तर कंटाळा न करता पुन्हा वाच.

खानावळ म्हटलं खरं, पण इकडे तिला हॉटेलच म्हणतात. बाहेर बर्फाचे ढीग, आत काचेवर वाफ धरलेली. काउंटरच्या मागे मोठमोठ्या परातींत गरम पदार्थ मांडलेले, आणि डोक्याला जाळी लावलेल्या दोन बायका डाव घेऊन उभ्या. आपण बोट दाखवायचं, त्या वाढणार. मला बघून त्यातली एक म्हणाली, “काय देऊ, बेबी?” इथं त्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही बेबीच म्हणतात. रविवार होता, त्यामुळे चर्चमधून थेट आलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या, डोक्यावर फुलाफुलांच्या टोप्या, लग्नाला निघाल्यासारख्या. त्यांच्या मागे रांगेत मी आणि तुमचे जावई.

हे जेवण शिकागोचं नाही. दक्षिणेकडचं आहे. अमेरिकेत दक्षिण म्हणजे मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया ही राज्यं, जिथं कापूस पिकायचा आणि तो वेचायला गुलाम आणले होते. मी शिकायला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलमध्येच काढली, आठवतं? तुम्ही गावात सगळ्यांना “पोरगी न्यूयॉर्कला” असं सांगत होता. न्यूयॉर्क तिथून दीड हजार किलोमीटरवर. ऑगस्टमध्ये पोचले तर हवा अशी दमट की वाटलं विमान चुकून कोकणात उतरलं.

तिथल्या पहिल्या सकाळी विद्यापीठाच्या खाणावळीत ताटात एक पांढरा, घट्टसर, वाफाळलेला ऐवज पडला. मी साखर घातली. शेजारची मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी मटणाच्या रश्श्यात साखर घातली. मग तिनं सांगितलं, मीठ आणि लोणी. तसं खाल्लं आणि घास तोंडातच राहिला. आई, त्या कण्या होत्या. मक्याच्या, पण कण्याच. भरडलेलं धान्य पाण्यात रटरट शिजवायचं, हलवत राहायचं, नाहीतर गुठळ्या धरतात. इकडे त्याला ग्रिट्स म्हणतात. तू आजारपणात ज्वारीच्या कण्या ताकात कालवून द्यायचीस तशा. मी अमेरिकेत पोचून जेमतेम छत्तीस तास झाले होते, आणि त्या दिवशी पोटभर रडले. तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच “परत ये” म्हणाली असतीस.

तर आज चौदा वर्षांनी तसंच ताट. काय काय होतं ते सांगते. चवळी, अगदी आपलीच, काळ्या डोळ्याची. ती इकडे एक जानेवारीला खातात, वर्ष चांगलं जातं म्हणून, सोबत पालेभाजी म्हणजे नोटा आणि मक्याची भाकरी म्हणजे सोनं. तळलेली भेंडी, मक्याच्या पिठात घोळून. ताकात भिजवून तळलेली कोंबडी (अण्णा, तुमची माळ आहे, हे वाक्य धाकटीनं हळू वाचावं). रताळ्याची गोड पोळी म्हणू का, म्हणजे खाली पिठाची वाटी आणि वर वेलचीऐवजी जायफळ घातलेलं रताळ्याचं पुरण. चहा मात्र बर्फ घातलेला, आणि गोड असा की दात शिवशिवतात.

कुठलंही एक मटण-मासळी आणि दोन भाज्या, असा ताटाचा हिशेब असतो. त्या भाज्यांच्या पाटीवर चीज घातलेली मॅकरोनीही असते. हो, मॅकरोनी भाजीत मोडते. जावयांनी दोन भाज्या म्हणून दोन्ही वेळा तीच घेतली आणि स्वतःला शाकाहारी म्हणवून घेतलं.

पण आज खरी मजा पालेभाजीची. कोलार्ड म्हणतात, पानं कोबीच्या बाहेरच्या पानांसारखी जाड, गडद. ती दोन-दोन तास शिजवतात, त्यात धुरी दिलेलं मांस टाकतात. दक्षिणेत बहुतेक डुकराचं असतं, इथं मी विचारून घेतलं, टर्कीचं होतं. वर मिरची घातलेला व्हिनेगर. शिजून पानं मऊ होतात आणि खाली हिरवट पाणी उरतं. त्या पाण्याला ते ‘पॉट लिकर’ म्हणतात. अण्णा, दचकू नका, दारू नव्हे, भांड्यातला रस. तो वाटीत घेऊन त्यात मक्याची भाकरी घालून खायची. आता प्रश्न असा की भाकरी त्यात बुडवायची की कुस्करायची. हसाल, पण १९३१ साली यावरून अटलांटाच्या वर्तमानपत्रात मोठा वाद झाला होता. लुइझियानाचा गव्हर्नर ह्यूई लाँग म्हणाला बुडवायची, पेपरचा संपादक म्हणाला कुस्करायची, आणि आठवडेच्या आठवडे लोकांची पत्रं छापून येत होती. आपल्या घरात हा वाद कधी झालाच नाही. अण्णांनी आमटीत भाकरी कुस्करली की सगळ्यांनी कुस्करायची.

भाकरीबद्दल माझी एक तक्रार आहे. शिकागोत ती गोड करतात, खरं तर केकच. मला आवडत नाही. पण या खानावळीत मागितली तर दुसरी एक मिळते. मक्याच्या पिठात आधणाचं पाणी ओततात, हातानं थापतात आणि तव्यावर तेलात लालसर करतात. का, तर मक्याच्या पिठाला चिकटपणा नाही, गरम पाण्यानं तो आणावा लागतो. विरी गेलेल्या ज्वारीच्या पिठाला तू जे करतेस तेच. काउंटरवरच्या बाईला मी तुझी पद्धत सांगितली. तिनं विचारलं, “तुझी आई कुठल्या गावची?” मी म्हटलं, खटाव तालुका. ती म्हणाली, “मिसिसिपीत कुठं आलं ते?”

मला या खानावळीत पहिल्यांदा कोणी नेलं ते सांगायचं राहिलं. आमच्या ऑफिसात हिशेबाचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, साठीच्या पुढच्या. आपण नावापुढे ‘ताई’ लावतो तसं दक्षिणेकडे बाईच्या नावाआधी ‘मिस’ लावतात, म्हणून मी पत्रात त्यांना ताईच म्हणते. शिकागोत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी डब्यात चवळीची उसळ नेली होती. ताईंनी वास घेतला, झाकण उचललं आणि विचारलं, “ही तू केलीस? मग तू आमच्यातलीच.” पुढच्या रविवारी त्या मला इथं घेऊन आल्या.

ताईंचा जन्म शिकागोचा. त्यांच्या आजी मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलच्या. लढाई संपता संपता, १९४५-४६ च्या सुमारास, दोन लेकरं घेऊन रेल्वेनं इकडे आल्या. त्या एकट्या नव्हत्या. १९१० पासून १९७० पर्यंत साठेक लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. शिकागोत १९१० साली ती ४४ हजार होती, १९७० ला अकरा लाखांवर. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रल कंपनीची गाडी थेट शिकागोला यायची, म्हणून मिसिसिपीची माणसं शिकागोला. जशी आपल्या भागातली मुंबईला.

ताई सांगत होत्या, आजीच्या मांडीवर बुटांचं रिकामं खोकं होतं. त्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाव आणि केकचा तुकडा. कारण गाडीला जेवणाचा डबा होता, पण त्यात काळ्यांना गोऱ्यांसोबत बसू देत नसत. पडदा लावून कोपऱ्यात बसवायचे, नाहीतर नाहीच. वाटेतल्या हॉटेलांतही तेच. म्हणून प्रत्येक घरातून खोकं बांधून द्यायचे. आई, तू दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतेस ती हौस. त्यांचं तसं नव्हतं, बाहेर विकत मिळणार नाही म्हणून घरचं. ताईंना आजही तळलेल्या कोंबडीचा वास आला की आजी आठवते, आणि रागही येतो. दोन्ही एकाच घासात.

आता अण्णा, तुमच्या कामाची गोष्ट. धाकटीला म्हणावं, अण्णांना जागं करा.

ताईंच्या आजी निम्म्या वाट्यानं जमीन कसायच्या. बी-खत-किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर, आणि कापूस निघाला की हिशेबाच्या वहीत दरवर्षी बाकीच निघायची. मग १९४४ साली क्लार्क्सडेलजवळच्याच हॉपसन नावाच्या मळ्यावर पेरणीपासून गाठ बांधेपर्यंत सगळा कापूस यंत्रांनी काढून दाखवला. एक यंत्र पन्नासेक माणसांची वेचणी करायचं. झालं. मालकांना माणसंच नकोशी झाली. मी विद्यार्थी असताना एकदा गाडी करून त्या भागात गेले होते. सपाट काळी जमीन, नजर जाईल तिथवर कापूस, आणि माणूस दिसेना. तेव्हा मला तुमची, तुमच्या मुंबईच्या गिरणीतल्या दिवसांची आठवण झाली होती. शर्टाच्या कॉलरमध्ये कापसाचं तूस अडकलंय आणि तुम्ही शिंकताय, असं आई सांगायची ना, ते.

त्यांचा कापूस आणि तुमची मिल यांचा तसा संबंधही आहे. १८६१ ते ६५ इकडे यादवी युद्ध चाललं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडला कापूस मिळेना. मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसाच पैसा झाला. त्याच पैशाच्या मुंबईत पुढं गिरण्यांची रांग लागली. म्हणजे ताईंच्या खापरपणजीचा कापूस अडला नसता तर खटावच्या माणसाला मुंबईतल्या डिलाईल रोडवर खानावळ शोधावी लागली असती का, कोण जाणे. हे मी ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी तुझ्या वडिलांना घेऊन ये, बिल कोण देतं ते आम्ही दोघं भांडून ठरवू.”

आज आम्ही जेवायला बसलो तेव्हा त्याही होत्या. मी सहज म्हटलं, आज अठरा जानेवारी, माझ्या वडिलांची गिरणी आजच्या तारखेला बंद पडली, संप झाला, ४४ वर्षं झाली. त्यांनी काटा खाली ठेवला आणि विचारलं, “मग जेवायचं काय केलं त्यांनी?”

त्यांनी पगाराचं विचारलं नाही, युनियनचं नाही, पुढं काय झालं तेही नाही. जेवायचं काय केलं. आणि मला धड उत्तर देता येईना.

मला जे ठाऊक आहे ते एवढंच. सांगलीला इंजिनिअरिंगला सोडायला तुम्ही आला होता. एस.टी.त खिडकीशी बसून एकदम म्हणालात की मुंबईत आठ-नऊ जण एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचो, आणि जेवायला एका मावशीची खानावळ. भाकरी, आमटी, भाजी, रविवारी मटण. गावाला गेलात की खाडे मांडून पैसे वजा. कोकणातल्यांची खानावळ वेगळी, त्यांना भात-मासे लागत. आपल्या घाटावरच्यांना भाकरी. संप सुरू झाल्यावर मावशीनं वहीत मांडून जेवायला घातलं, एक महिना, दोन महिने. तुम्ही म्हणालात, “साडेतीन महिने तिनं एकदाही वही पुढं केली नाही.” तेवढ्यात स्टँड आला. तुम्ही माझी ट्रंक उचलली आणि बोलणं तिथंच राहिलं. त्यावर मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही.

ताईंना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, दक्षिणेकडून नवीन आलेला माणूस पहिला पगार होईपर्यंत असाच कोणा ओळखीच्या बाईच्या स्वयंपाकघरात जेवायचा. त्यांच्या आजीनं इकडे आल्यावर स्वतः तेच केलं. दोन खोल्या, सहा माणसं जेवायला, बहुतेक सगळी क्लार्क्सडेलच्या आसपासची. एक कसायाकडे कामाला, म्हणून तो पैशाऐवजी डुकराचे पाय आणायचा. ती सहा माणसं आजीच्या मयताला आली होती, म्हातारी होऊन. या हॉटेलचं खरं मूळ तेच, असं ताईंचं म्हणणं. कोणीतरी स्वयंपाकघरात दोन माणसं जास्त जेवू घातली, मग चार, मग रस्त्यावर पाटी लागली.

मला इथली चव इतकी अस्सल का लागते याचा मी आज घरी येताना विचार करत होते. मिसिसिपीत आता बऱ्याच ठिकाणी ग्रिट्स पाकिटातल्या झटपट शिजणाऱ्या मिळतात, मी स्वतः दोन वर्षं त्याच खाल्ल्या. आणि इथं, हजारेक किलोमीटर उत्तरेला, जिथं भेंडी उगवायला जेमतेम तीन महिने मिळतात, तिथं बाई तासभर पातेलं ढवळतेय. आपल्याकडेही तेच बघते. आपल्या गावात आता हॉटेलवर मंचुरियन मिळतं, आणि इथं शिकागोच्या महाराष्ट्र मंडळात हुरड्याचं थालीपीठ कसं करायचं यावरून बायका इरेला पेटतात. त्यातल्या निम्म्यांनी गावी असताना थालीपीठ थापलंसुद्धा नसेल. मीही त्यातलीच.

आई, तुला ज्वारीची आणखी एक गंमत सांगते. स्टार्कव्हिलच्या पुढं डोंगराकडे गेलं की रस्त्याकडेला बाटल्या विकायला ठेवलेल्या असत. मी मध समजून घेतली. ती निघाली काकवी, पण उसाची नाही, गोड ज्वारीच्या ताटांची. चरकात ताटं पिळायची, पसरट काहिलीत रस आटवायचा, वरची मळी काढायची, अगदी आपल्या गुऱ्हाळासारखं. ती भाकरीवर घालून खातात. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, तिथून आपल्याकडे आली आणि गुलामांच्या जहाजांच्या काळात इकडेही पोचली. चवळीचंही तसंच. आणि ७२ च्या दुष्काळात रेशनवर जी लाल मिलो ज्वारी यायची, जिचं नाव काढलं तरी तू तोंड वाकडं करतेस, ती याच देशातून आलेली. तू म्हणायचीस, “त्या अमेरिकेची भाकरी गुरांनीही खाल्ली नसती.” ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “गुरांसाठीच पिकवतात ती.” तेव्हा तुझी जीभ तेव्हाही खरं बोलत होती.

तिळगुळाचं पार्सल मिळालं. वड्या फुटल्या होत्या, पण चुराही गोडच. अर्धा ताईंना दिला. भाजणी मात्र पुन्हा पाठवू नकोस, टपालाला तिच्या किमतीच्या चौपट पैसे लागतात आणि कस्टमवाले पिशवी फोडून बघतात. तुझी शुगर मागच्या वेळेपेक्षा वाढली असं दादा म्हणाला. गोळी जेवणाआधीची आहे, जेवण झाल्यावर आठवली म्हणून दोन घेऊ नकोस. अण्णा, तुमच्या गुडघ्याच्या पट्ट्याचा नंबर धाकटीकडून मोजून कळवा, मी येताना आणते. एप्रिलमध्ये येतेय, तिकिटं झाली.

येताना दोन दिवस मुंबईत थांबायचा विचार आहे. अण्णा, तुम्हीही मुंबईला या, दादा गाडीनं आणून सोडेल. आपण दोघं डिलाईल रोडला जाऊ. चाळ राहिली आहे की तिथं टॉवर झालाय, ते बघू. मावशी आता नसणार, पण त्यांचा मुलगा होता असं तुम्ही बोलल्याचं आठवतं. तेव्हा एवढं कळवा: मावशीचं पूर्ण नाव, चाळीचं नाव, मजला आठवत असला तर मजला. आणि त्या साडेतीन महिन्यांचं पुढं काय झालं? फेडले, की राहिले?

फोनवर सांगू नका, तुम्ही “बघू” म्हणून ठेवून द्याल. धाकटीला सांगा, ती लिहून घेईल.

तुमची,
ताईडी

ता. क. उद्या इथं डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी. मी आणि जावई घरीच आहोत. उरलेली चवळी बांधून आणलीय, तिला लसणाची फोडणी देणार आहे. तेव्हा उद्या “काय केलंस” विचारलंस तर “उसळ” म्हणेन, आणि ते खरं असेल.